पांढऱ्या चहाची हाताने वळलेली गोळी: भिजवायची कशी, चाखायची कशी

पातळ कागदात गुंडाळलेली, सुपारीपेक्षा जराशी मोठी, ५ ते ८ ग्रॅमची गोळी. चीनमध्ये तिला लोंगझू म्हणतात, म्हणजे ड्रॅगनचा मोती. फुजियान प्रांतातल्या फूडिंग आणि झेंगहे या भागांतला पांढरा चहा हल्ली मोठ्या प्रमाणावर या रूपात विकला जातो. चीनच्याच युनान प्रांतातूनही अशा गोळ्या येतात. एक गोळी म्हणजे एका बैठकीचा चहा. मोजमाप नको, पानांचा चुरा नाही, प्रवासात नेणं सोपं. पण सुट्या पानांचा चहा करायची पद्धत जशीच्या तशी गोळीला लावली की पहिले दोन कप पाणचट लागतात आणि चौथा कडू निघतो. असं का होतं हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

पांढरा चहा ओळखला जातो तो पानावर काही न करण्यामुळे. पान खुडायचं, बांबूच्या चाळण्यांवर पसरून साधारण ३६ ते ७२ तास कोमेजू द्यायचं आणि मंद आचेवर वाळवायचं. हिरव्या, काळ्या आणि ऊलाँग चहाची पानं चोळली जातात. त्यात पानाच्या पेशी फुटतात, रस पृष्ठभागावर येऊन वाळतो आणि गरम पाणी पडताच सुटतो. पांढऱ्या चहात हे चोळणं नसतं. पेशी बऱ्याचशा शाबूत राहतात, म्हणून चव सावकाश उतरते. (फूडिंगमध्ये १९६८ साली हलकं चोळलेला एक ‘नव्या पद्धतीचा’ पांढरा चहा निघाला. तो अपवाद, आणि तो या लेखाचा विषय नाही.)

म्हणजे ‘हाताने वळलेला पांढरा चहा’ यात पान वळलेलं नसतं, गोळी वळलेली असते. तयार, वाळलेला चहा थोडा वेळ वाफेवर धरून मऊ करतात, फडक्यात घेऊन पीळ देतात, तळहातावर लाडवासारखा वळतात आणि मंद उष्णतेवर अगदी सावकाश वाळवतात. त्यामुळे चव दोन ठिकाणी अडते. शाबूत पान सहजी रस सोडत नाही, आणि वळलेली गोळी पाण्याला आत येऊ देत नाही. म्हणून गोळीचा चहा करताना घड्याळापेक्षा गोळीकडे जास्त बघावं लागतं. ती किती उघडली आहे, त्यावर पुढच्या पाण्याची, म्हणजे त्याच गोळीवर पुन्हा ओतलेल्या पाण्याची, वेळ ठरते.

गोळीत कोणतं पान आहे

फूडिंग दाबाय, फूडिंग दाहाओ आणि झेंगहे दाबाय या झुडपांच्या जाती पांढऱ्या चहाच्या मुख्य. त्यांच्या कळ्या जाड असतात आणि त्यांवर दाट पांढरी लव असते. नुसत्या कळ्यांचा चहा तो बायहाओ यिनझेन, एक कळी आणि एक-दोन पानांचा तो बाय मूदान, आणि हंगामात उशिरा खुडलेल्या मोठ्या पानांचा, देठांचा तो शौ मेय. नुसत्या कळ्यांची गोळी क्वचित वळतात, कारण सुट्या कळ्यांना भाव जास्त मिळतो आणि वळताना लव झडते. बहुतेक गोळ्या बाय मूदान किंवा शौ मेयच्या असतात. नव्याने हा चहा घेणाऱ्याने ३ ते ५ वर्षं जुन्या शौ मेयच्या गोळीपासून सुरुवात करावी. ती उकळत्या पाण्याला दबत नाही आणि वेळेत थोडी चूक झाली तरी सांभाळून घेते.

युनानची ‘युएग्वांग बाय’, म्हणजे चंद्रप्रकाशी पांढरा, ही वेगळ्या, मोठ्या पानांच्या झुडपाची. पानाची एक बाजू काळपट, दुसरी रुपेरी. गोळी दिसायला फार सुंदर असते, पण या पानाचा चहा लवकर कडक होतो. पुढे दिलेल्या वेळांतून प्रत्येक वेळी एक तृतीयांश वजा करा आणि पाणी ९० अंशांच्या आसपास ठेवा.

मोगऱ्याच्या वासाचे वाटाण्याएवढे मोती हेही ‘हाताने वळलेला पांढरा चहा’ म्हणून विकले जातात. त्यांत लव असलेल्या कळ्या असतात म्हणून ते पांढरे दिसतात, पण आतला चहा बहुतेक वेळा हिरवा असतो. वास देणारं फूल म्हणजे आपला मोगराच, वनस्पतीशास्त्रात एकच जात. दुपारी खुडलेल्या कळ्या रात्री उमलतात तेव्हा चहात मिसळतात, सकाळी काढून टाकतात, आणि हे अनेक रात्री करतात. फुजियानची राजधानी फूझौ या कामासाठी शतकानुशतकं प्रसिद्ध आहे. या मोत्यांना उकळतं पाणी चालत नाही. ३ ग्रॅम, १५० मिली, ८० अंश, दीड ते दोन मिनिटं. एवढ्यावर त्यांचा विषय संपवू.

घेताना काय बघायचं

गोळीची अडचण ही की आतलं दिसत नाही. वर छान कळ्या आणि पोटात चुरा, असं सर्रास होतं. म्हणून पाकीट घेण्याआधी दोन-तीन गोळ्या घ्या आणि त्यांतली एक बळी द्या. कोरडीच, दोन्ही अंगठ्यांनी मधोमध फोडा. चांगली गोळी फुटताना कटकन आवाज येतो आणि आत अख्खी, एकावर एक बसलेली पानं दिसतात. पोटातलं पान बाहेरच्या पानापेक्षा काळं आणि बोटाला मऊ लागत असेल, तर वाळवताना घाई झाली आहे. बाहेरून कोरडी, आतून ओली राहिली. हा गोळीचा सगळ्यात मोठा दोष. त्यातूनच पुढे आंबट चव येते आणि बुरशी धरते. पोटाला नाक लावून हुंगा. सुक्या गवताचा, मधाचा किंवा सुकलेल्या बोरांचा वास चालेल. कुबट, ओल्या भिंतीसारखा वास आला तर पुढे जाऊच नका.

जुना म्हणून विकलेला चहा नीट पाहा. खऱ्या जुन्या शौ मेयमध्ये रंगांची सरमिसळ असते: हिरवट करडा, तपकिरी, मधूनच गंजासारखा तांबूस. ओल आणि उष्णता देऊन घाईने ‘म्हातारा’ केलेला चहा एकसारखा काळपट दिसतो, त्याचा रंग पहिल्याच पाण्यात भसकन सुटतो आणि तिसऱ्या पाण्याला चव संपते. ‘एक वर्ष चहा, तीन वर्षं औषध, सात वर्षं खजिना’ ही चिनी म्हण प्रत्येक दुकानात ऐकू येईल. चव वर्षांनी गोड आणि गोलाकार होते हे खरं, पण ती म्हण औषधाचा पुरावा नव्हे. तिच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

भांडी आणि पाणी

५ ग्रॅमच्या गोळीला १०० ते १२० मिलीचं गायवान हवं. गायवान म्हणजे झाकण आणि बशी असलेली चिनी मातीची वाटी. ८ ग्रॅमच्या गोळीला १५० ते १८० मिली. वाटी उभट आणि खोल असावी. पसरट वाटीत गोळीचं डोकं पाण्याबाहेर राहतं आणि ती बाजू कोरडीच राहते. गायवान नसेल तर जाड काचेचा पेला, त्यावर बसणारी बशी आणि स्टीलची गाळणी यांवर भागतं. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा मात्र घ्या. पाकिटावर ५ ग्रॅम लिहिलेली गोळी ४.३ पासून ५.८ पर्यंत भरू शकते, आणि १०० मिलीच्या वाटीत हा फरक जाणवतो.

पाणी हलकं हवं. एकूण विरघळलेले क्षार ५० ते १५० मिलिग्रॅम प्रतिलिटर असले की उत्तम. महाराष्ट्रात पठारावरचं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्यात चहाचा रंग काळवंडतो, वर तवंग येतो आणि वास दबतो. धरणाचं किंवा तलावाचं नळाचं पाणी गाळून, उकळून घेतलं तर सहसा चांगलं लागतं. आरओचं पाणी अगदीच निःसत्त्व असेल तर चहा सपक होतो. त्यात एक चतुर्थांश साधं गाळलेलं पाणी मिसळून बघा.

तापमान: ताज्या बाय मूदानच्या गोळीला ९० ते ९५ अंश, शौ मेय आणि तीन वर्षांहून जुन्या कोणत्याही गोळीला सरळ उकळतं. गोळी सैल करायला आधी घालून टाकून द्यायचं पाणी मात्र सगळ्यांनाच उकळतं. पांढरा चहा नाजूक म्हणून ७०-७५ अंशांवर करा, असा सल्ला बऱ्याच पाकिटांवर छापलेला असतो. न चोळलेल्या, शिवाय गोळीत वळलेल्या पानाला ते पाणी पुरत नाही, नुसतं गवताचं पाणी मिळतं. महाबळेश्वरसारख्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. तिथे किटली गॅसवर ठेवूनच पाणी घ्या, खाली काढून थांबू नका.

दूध, साखर, आलं काही नाही. साखर घातली की घशात मागाहून येणारा गोडवा कळतच नाही, आणि या चहाची खरी मजा तिथेच आहे.

गोळी उघडेपर्यंत

वाटी उकळत्या पाण्याने तापवून रिकामी करा. कोरडी गोळी आत टाका, झाकण लावा, अर्धा मिनिट थांबा आणि झाकण उघडून वास घ्या. नव्या गोळीचा सर्वांत स्पष्ट वास याच वेळी मिळतो.

आता उकळतं पाणी थेट गोळीवर ओता, काठोकाठ. १० सेकंद, जुनी गोळी असेल तर २०. हे पाणी टाकून द्या. यात धूळ जाते, पण खरा उद्देश गोळीला वाफ पाजण्याचा आहे. ते पाणी काढून टाकलं की झाकण घट्ट लावा आणि पूर्ण दोन मिनिटं काहीही करू नका. ही दोन मिनिटं बहुतेक जण गाळतात आणि मग पहिला कप पाणचट लागतो म्हणून तक्रार करतात. झाकणाखाली अडकलेली वाफ पानांच्या फटींतून आत शिरते आणि गोळी आतून सैल पडू लागते.

पहिलं पाणी ३० सेकंद. गोळी अजून गोळीच असते. बाहेरची एक-दोन पानं कडेने उचललेली दिसतात, बारीक बुडबुडे सरळ रेषेत वर येतात. चहा फिकट, वासाला मात्र भरपूर. ओतून झाल्यावर वाटी तिरकी धरून शेवटचे थेंब पडेपर्यंत थांबा, पाच-सहा सेकंद तरी. गोळी स्पंजासारखी पाणी धरून बसते, आणि ते आत राहिलेलं पाणी तसंच मुरत राहून पुढचा कप बिघडवतं.

दुसरं पाणी २५ सेकंद. त्याआधी चिमट्याने किंवा चमच्याच्या देठाने गोळी हळूच उलटी करा. वरची बाजू खाली. टोचायचं नाही, उकलायचं नाही. मऊ पडलेलं पान टोचलं की फाटतं आणि फाटलेल्या कडेतून कडवटपणा एकदम उतरतो.

तिसऱ्या पाण्याला गोळी फुटते. काचेच्या पेल्यात हे स्पष्ट दिसतं. एक बाजू ढासळते, मग देठ सुटतो, आणि जिथे लाडू होता तिथे पानांचा झुबका तरंगायला लागतो. इथेच वेळ कमी करायची. तिसरं पाणी १५ सेकंद, चौथं १०. आतापर्यंत पाणी न लागलेलं पोट एकदम उघडं पडतं. पांढरा चहा सावकाश म्हणून इथे ३०-४० सेकंद ठेवला, तर तुरट, कडू कप हमखास. तिसऱ्या पाण्यानंतरही गोळी टणक असेल, तर ती फार घट्ट वळलेली आहे. आणखी एक ३० सेकंदांचं पाणी घ्या आणि वरचा क्रम एक पाणी पुढे सरकवा.

त्यानंतर पाचवं १५, सहावं २५, सातवं ४०, आठवं मिनिटभर. पाचव्यापासून पाणी पानांवर न ओता वाटीच्या कडेने सोडा. दोन पाण्यांच्या मध्ये झाकण किंचित सरकवून ठेवा. बंद वाटीत गरम ओली पानं शिजत राहतात आणि उकडलेल्या भाजीसारखा वास धरतात.

आठव्या पाण्यानंतर शौ मेयची पानं फेकू नका. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ४०० मिली पाणी उकळा, पानं टाका, मंद आचेवर चार-पाच मिनिटं. इथे आपली चहा उकळायची सवय बरोबर ठरते. जाड पानं आणि देठ उकळल्यावरच आपला उरलेला गोडवा सोडतात. बाय मूदान मात्र उकळू नका, कडवट होतो.

इतर तीन पद्धती, थोडक्यात

मोठ्या किटलीत: ५ ग्रॅमची गोळी, आधी उकळत्या पाण्याने धुऊन दोन मिनिटं झाकून ठेवलेली, मग ६०० मिली उकळतं पाणी, ८ ते १० मिनिटं. चौघांना पुरतो.

थर्मासमध्ये: हीच धुतलेली गोळी, ७५० मिली ते १ लिटर, दीड-दोन तास. फक्त जुन्या शौ मेयला. ताजा चहा थर्मासमध्ये उकडून निघतो. पांढऱ्या चहात कॅफीन नसतं हा समज चुकीचा आहे. कोवळ्या कळ्यांत तर ते चांगलंच असतं, आणि थर्मासमध्ये बरंचसं उतरतं. रात्री झोपेचा त्रास होणाऱ्यांनी दुपारीच प्यावा.

थंड: कोरडी गोळी थंड पाण्यात टाकली तर सकाळपर्यंत तशीच असते. आधी उकळत्या पाण्यात २० सेकंद, मग तीन मिनिटं झाकून, मग ७०० मिली गार पाणी आणि फ्रिजमध्ये ८ तास. बाय मूदानची गोळी याला फार चांगली. काकडी-खरबुजासारखा गारवा येतो आणि तुरटपणा जवळजवळ नाही.

चाखणं

पिणं आणि पारखणं वेगळं. पारखताना चहाला मुद्दाम अवघड परीक्षेत घालतात. सुट्या चहासाठी ३ ग्रॅम, १५० मिली उकळतं पाणी, ५ मिनिटं. दोष लपत नाहीत. गोळीसाठी हेच प्रमाण, म्हणजे ५ ग्रॅमला २५० मिली, पण दोनदा. पहिलं ५ मिनिटांचं पाणी गोळी उघडण्यातच जातं. दुसरं ५ मिनिटांचं पाणी खरं पोट दाखवतं. दोन गोळ्यांची तुलना करायची तर नेहमी दुसरं पाणी शेजारी शेजारी ठेवून करा.

वास तीनदा घ्या: पानं गरम असताना, कोमट झाल्यावर आणि पूर्ण गार झाल्यावर. गरम असताना दोष वर येतात. धुरकट, कुबट, आंबूस काय ते लगेच कळतं. कोमट असताना जात कळते. गार झाल्यावरही मधासारखा वास टिकला तर चहा उत्तम.

मग चमच्याने थोडा चहा घेऊन हवेसकट जोरात ओढा. आवाज होऊ द्या. हवा मिसळली की वास घशातून नाकात चढतो. ताज्या कळीदार गोळीत लवेची एक खास चव असते. चिनी पारखी तिला हाओश्यांग म्हणतात, लवेचा सुगंध. ती ताज्या गवताची, किंचित दुधाळ असते आणि जिभेवर सायीसारखी बसते. तीन वर्षांनंतर गवत मागे पडतं आणि मध, सुकं फूल येतं. आणखी जुनी, नीट सांभाळलेली शौ मेय उकळली की सुकलेल्या बोरांचा आणि खजुराचा वास येतो. चीनमध्येही त्याला बोरांच्याच एका जातीचं नाव आहे.

गिळल्यावर लगेच बोलू नका, अर्धा मिनिट थांबा. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर घसा जसा गोड होतो, तसा गोडवा मागाहून यायला हवा. याला हुईगान म्हणतात. थोडा तुरटपणा दोष नाही, तो विरघळून गोडात बदलतो का हे बघायचं. गालांच्या आतल्या बाजूला तसाच चिकटून राहिला तर पान निबर आहे किंवा पाणी जास्त मुरलं आहे.

पहिलं पाणी थोडं धूसर दिसलं तर घाबरू नका, ती लव तरंगत असते. पेला उजेडात धरला की चकाकणारे बारीक तंतू दिसतात. चौथं, पाचवं पाणीही गढूळच असेल तर मात्र चहा खराब आहे. आंबटपणा आला तर आधी स्वतःची चूक तपासा: वाटीत पाणी साचू दिलं होतं का, झाकण बंद राहिलं होतं का? दोन्ही नीट करूनही आंबट असेल, तर गोळीचं पोट ओलं राहिलं होतं आणि त्यावर उपाय नाही. घसा कोरडा पडत असेल आणि भाजल्यासारखा वास असेल, तर गोळी नुकतीच जास्त आचेवर वाळवलेली आहे. दोन-तीन महिने बंद डब्यात ठेवून पुन्हा करून बघा, बऱ्याचदा निवळते.

शेवटी पानं पांढऱ्या ताटलीत पसरा आणि पाणी घालून तरंगू द्या. अख्खी किती, तुकडे किती? बोटांत दाबल्यावर पान लवचीक आहे का? काळं पडून आखडलेलं, आठ पाण्यांनंतरही न उघडलेलं पान म्हणजे वाळवताना करपलेलं. कळी, पान आणि देठ एकाच डहाळीला चिकटलेले सापडले, तर वळणाऱ्याने चांगला माल वापरला आहे.

साठवण

पांढरा चहा फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. त्याला कोरडेपणा, अंधार आणि परक्या वासापासून दूर जागा हवी. आतल्या बाजूने ॲल्युमिनिअमची पिशवी, त्यावर प्लॅस्टिकची, आणि बाहेर जाड पुठ्ठ्याचं खोकं ही चिनी व्यापाऱ्यांची पद्धत कोकणात आणि मुंबईतही चालते, फक्त पिशव्यांची तोंडं हवा काढून घट्ट बांधा. स्वयंपाकघरात ठेवू नका. मसाल्याचा, कापराचा, अगरबत्तीचा वास हा चहा आठवड्याभरात ओढून घेतो. गोळीचा कागद काढू नका, पण तो ओल अडवतो असंही समजू नका. रोजच्या वापराच्या आठ-दहा गोळ्या वेगळ्या लहान डब्यात ठेवा, म्हणजे मोठं खोकं वारंवार उघडावं लागणार नाही. जून ते सप्टेंबर ते बंदच ठेवा. उघडावंच लागलं तर उघडीप असलेल्या दिवशी दुपारी उघडा, लागतील तेवढ्या गोळ्या काढा आणि लगेच बांधून टाका.